घरातलं नेटवर्क वेगवान करताना कोल्हापूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

मी कोल्हापुरात घरांत आणि छोट्या दुकानांत नेटवर्कची वायरिंग करतो. फोनवर येणारे प्रश्न साधारण ठरलेले असतात आणि विचारणाऱ्यांतल्या बहुतेकांना मोठ्या प्लॅनची गरजच नसते. शेतात मोटर साडेसात एचपीची बसवली आणि पुढं पाइप पाऊण इंची ठेवला, तर उसाला पाणी पाऊण इंचाचंच मिळणार. तुमच्या घरातला तो पाऊण इंची तुकडा कुठं आहे हे आधी शोधा, मग पैसे काढा.

तीनशे एमबीपीएसचा प्लॅन घेतला, पण कॉम्प्युटरवर आकडा ९४ च्या वर जात नाही. कंपनी कमी देतीय काय?

९४ हा आकडा ऐकला की घर न बघताही निम्मं कळतं. जुन्या पद्धतीचा इथरनेट पोर्ट, म्हणजे नेटवर्कची वायर जिथं खोचतात ती जागा, १०० एमबीपीएसचा असतो. डेटाच्या प्रत्येक पाकिटावर पत्ता वगैरे लिहिण्यात पाच-सहा टक्के जातात आणि हातात ९४-९५ उरतात. म्हणजे वाटेत कुठंतरी १०० चा तुकडा बसलाय. तो राउटरचा पोर्ट असेल, एका वायरीचे अनेक पोर्ट करणारा मधला जुना स्विच असेल, कॉम्प्युटरचं लॅन कार्ड असेल, नाहीतर केबल.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट उघडा आणि ‘लिंक स्पीड’ बघा. तिथं १००/१०० दिसलं तर दोष घरात आहे, कंपनीला फोन लावून काही होणार नाही. १०००/१००० दिसलं तर त्या केबलच्या दुसऱ्या टोकापर्यंतचा, म्हणजे राउटर किंवा स्विचपर्यंतचा, रस्ता मोकळा आहे, पुढचं बघायचं.

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी हेच झालं होतं. राउटर गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा, लॅपटॉप गिगाबिटचा, तरी लिंक १०० ची. शेवटी केबलचं टोक खिडकीच्या उजेडात धरलं. आरजे-४५ कनेक्टरच्या पारदर्शक प्लास्टिकमधून आठाऐवजी चारच तारा दिसत होत्या. निळी आणि तपकिरी जोडी बाहेरच कापून टाकलेली. कनेक्शन जोडायला आलेल्या माणसानं चार तारांवर काम भागवलं होतं. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. दोन्ही टोकं कापून आठ तारांचे नवे कनेक्टर बसवले, आणि त्याच प्लॅनवर त्याच संध्याकाळी २९० च्या आसपास आकडा आला. खर्च दोन कनेक्टरचा.

आठही तारा बसलेल्या असून लिंक १०० ची येत असेल, तर केबलच्या वाटेवर हात फिरवत जा. दाराच्या चौकटीत चेपलेली जागा, खिळ्याच्या क्लिपनं दाबलेली जागा आणि माळ्यावर उंदरानं कुरतडलेली जागा, या तीन ठिकाणी मला तुटलेली तार सगळ्यात जास्त वेळा सापडली आहे.

स्पीड टेस्टमध्ये १०० येतात, पण फाइल उतरवताना १२ च दिसतात. असं का?

दोन्ही बरोबर आहेत. प्लॅन मेगाबिटमध्ये मोजतात, फाइल मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० ला आठानं भागा, साडेबारा येतात.

स्पीड टेस्ट घ्यायची तरी कशी?

पलंगावर पडून मोबाइलवर घेतलेली टेस्ट वाय-फायची असते, कनेक्शनची नव्हे. लॅपटॉप वायरनं थेट राउटरला जोडा, घरातल्या बाकीच्यांना पाच मिनिटं थांबायला सांगा आणि तीनदा टेस्ट घ्या. हे सगळं एकदा सकाळी करा आणि एकदा रात्री नऊच्या सुमाराला. सकाळी पूर्ण आणि रात्री निम्मा वेग आला तर गर्दी तुमच्या घराबाहेर आहे. घरोघरच्या फायबरची बहुतेक जोडणी जीपॉन पद्धतीची असते. तिच्यात येणारा साधारण २.५ गिगाबिटचा आणि जाणारा १.२५ गिगाबिटचा प्रवाह स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. अशा वेळी दोन्ही वेळचे आकडे लिहून कंपनीकडं तक्रार करा. नुसतं ‘नेट स्लो आहे’ म्हणण्यापेक्षा कागदावरचे आकडे ऐकले जातात.

टेस्टमध्ये अपलोड आणि पिंग, म्हणजे डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ, हेसुद्धा बघा. मुलाची ऑनलाइन शिकवणी अडखळते तेव्हा डाउनलोड बहुतेक वेळा पुरेसा असतो. कुणाच्या तरी मोबाइलचे फोटो मागं अपलोड होत असतात आणि त्यानं पिंग चढलेला असतो.

जुन्या वाड्यात राहतो. पुढच्या सोप्यात रेंज फुल्ल, स्वयंपाकघरात शून्य. राउटर कुठं ठेवू?

शिवाजी पेठेतल्या एका घरी मी गेलो तेव्हा राउटर सोप्यात, टीव्हीच्या मागं, फळीखाली होता. तिथून मागच्या खोलीपर्यंत तीन भिंती, एकेक दीड फूट जाडीची, काळ्या दगडाची. वाय-फायची लहर अशा भिंतीत जवळजवळ संपते. वाय-फाय ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालतं. ५ ची लहर आधी संपते, २.४ ची थोडी तग धरते. लोखंडी कपाट, फ्रीज, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी यांच्या मागं तर सावली पडते तशी रेंज मरते.

राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या वर, उघड्यावर असावा. त्या घरी आम्ही तो सोप्यातून काढून मधल्या खोलीच्या दारावर, छतापासून हातभर खाली बसवला. फायबरचा डबा, म्हणजे कंपनीची फायबर जिथं येते तो, होता तिथंच राहिला, मध्ये बारा मीटर केबल टाकली. स्वयंपाकघरात ५ गिगाहर्ट्झवर ६० च्या आसपास वेग आला. आजी तिथं बसून व्हिडिओ कॉलवर पुण्याच्या नातवाशी बोलतात, त्याला तेवढा पुष्कळ झाला. मागच्या परड्यात मात्र अजूनही रेंज नाही, आणि ती राउटर हलवून येणारही नाही.

राउटर खिडकीत ठेवू नका. निम्मी रेंज रस्त्याला जाते.

नेटवर्कची दोन नावं दिसतात, एकापुढं ५जी लिहिलंय. कुठलं जोडू?

ते ५जी मोबाइलचं नव्हे, ५ गिगाहर्ट्झचं आहे. राउटर असलेल्या किंवा शेजारच्या खोलीत ते जोडा. लांबच्या खोलीला, वॉशिंग मशिनला, स्मार्ट बल्बला २.४ द्या.

राजारामपुरीच्या एखाद्या गल्लीत वाय-फायची यादी उघडली की वीस-पंचवीस नावं सहज दिसतात, आणि सगळे २.४ वर एकमेकांच्या अंगावर बोलत असतात. या पट्ट्यात एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. राउटरच्या पानावर जाऊन, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ या पत्त्यावर, यातला सगळ्यात मोकळा निवडा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली तर आकडा मोठा दिसतो, पण गर्दीत वेग घटतो. ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झ रुंदी घ्यायला हरकत नाही.

त्या पानावर गेलाच आहात तर राउटरचा मूळ ॲडमिन पासवर्डही बदला. कित्येक घरांत तो अजून डब्याखालच्या चिठ्ठीवरचाच असतो.

रिपीटर घेऊ की मेश?

स्वस्तातला एक पट्ट्याचा रिपीटर ऐकतो आणि तेच परत बोलतो, दोन्ही एकाच चॅनेलवर. त्यामुळं वेग निम्मा होतो. वर लोक तो रेंज नसलेल्या खोलीत लावतात. तिथं त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नाही, तर पुढं काय सांगणार? लावायचाच असेल तर अर्ध्या वाटेवर लावा.

मेश म्हणजे एकाच नावाचं वाय-फाय देणारे, आपसांत जोडलेले दोन-तीन डबे. ती बरी, कारण फिरताना मोबाइल आपोआप जवळच्या डब्याला जातो. पण तिच्या डब्यांमध्येही भिंत असतेच. दोन मजली घर असेल तर वरच्या आणि खालच्या डब्याला केबलनं जोडा. एवढी एक केबल टाकायची तयारी असेल, तर महाग मेश न घेता घरातला जुना राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’, म्हणजे नुसतं वाय-फाय देणारा डबा, करूनही काम होतं. त्याचं डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटण्याचं काम, बंद करायचं, दोन्हीकडं वाय-फायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवायचा. रुईकर कॉलनीतल्या एका बंगल्यात मी हेच केलं, नवीन सामान म्हणून फक्त केबल आणि दोन आय-ओ बॉक्स, म्हणजे भिंतीवरचे नेटवर्कचे सॉकेट, आणले.

म्हणजे वायरच टाकायची का? आता सगळंच वायरलेस झालंय की.

जी वस्तू जागची हलत नाही तिला वायर द्या, हे माझं ठाम मत आहे. डेस्कटॉप, टीव्ही, प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर. हे सगळे वाय-फायवरून उतरले की उरलेल्या मोबाइलना आणि लॅपटॉपना हवा मोकळी मिळते. पुष्कळ टीव्हींचा लॅन पोर्ट १०० चाच असतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. फोर-के चित्रपटाला साधारण १५ ते २५ एमबीपीएस लागतात.

केबल कुठली घ्यायची? दुकानात कॅट-५ई, कॅट-६, कॅट-७, कॅट-८ सगळं दाखवतात.

कॅट-६ घ्या आणि विषय संपवा. कॅट-५ई वरसुद्धा गिगाबिट १०० मीटरपर्यंत जातं, म्हणून भिंतीत ती चांगल्या स्थितीत असेल तर उपसू नका. कॅट-६ वर ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट चालतं, आणि कोल्हापुरातल्या घरात एवढी लांबी क्वचितच लागते. कॅट-७ आणि कॅट-८ च्या नावाखाली मिळणाऱ्या चपट्या, रंगीत केबलवर पैसे घालवू नका.

खरी फसगत वेगळीकडं होते. बाजारात सीसीए नावाची केबल मिळते. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेला असतो. खोक्यावर कॅट-६ लिहिलेलं, रंग तोच, किंमत खूपच कमी. ती दोन-तीनदा वाकवली की आत तुटते, आणि कॅमेऱ्याला तिच्यावरूनच वीज द्यायची असेल तर तापतेही. ओळखायची पद्धत सोपी आहे. तुकडा मागून घ्या, एक तार सोला आणि ब्लेडच्या पात्यानं हळूच खरवडा. तांबं असेल तर आतही लालसरच राहतं. पांढरी चमक आली की तुकडा दुकानदाराला परत द्या. खोकं उचललं तरी वजनात फरक कळतो. पूर्ण खोकं ३०५ मीटरचं येतं. एका घराला तेवढं लागत नाही, मीटरवर कापून घ्या.

केबल लाइटच्या पाइपातनं ओढली तर चालेल का?

नको. विजेच्या तारांशेजारून लांबवर नेली की सिग्नल बिघडतो. ते एक वेळ चाललं असतं, पण उद्या त्या पाइपात एखादी तार सोलली गेली तर २३० व्होल्ट तुमच्या राउटरवर येतील. तयार घरात झिरी मारायची नसेल तर भिंतीच्या कडेनं केसिंग-कॅपिंग पट्टी लावा, विजेच्या पट्टीपासून वीतभर लांब. लाइटची वायर ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा. कोपऱ्यात केबल दुमडू नका, निदान इंचभर गोलाई ठेवा.

टोकाचा कनेक्टर स्वतः बसवता येईल का?

येईल. क्रिम्पिंगचं पक्कड, दहा-वीस कनेक्टर आणि साधा टेस्टर एवढंच सामान. पहिले दोन-तीन कनेक्टर वाया जातात, ते धरून चाला.

केबलचं बाहेरचं आवरण इंचभर सोला. आतल्या चार जोड्या उलगडा आणि तारा बोटांत धरून सरळ करा. कनेक्टरची खिट्टी खाली आणि सोनेरी टोकं वर धरून डावीकडून उजवीकडं क्रम असा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. सगळेजण चुकतात ती जागा मधली आहे. हिरव्या जोडीच्या पोटात निळी जोडी येते. हिरवा पांढऱ्या-हिरव्याला लागून बसवला की टेस्टरवर आठही दिवे बरोबर लागतील, पण गिगाबिट धड चालणार नाही, कारण पीळ घातलेल्या जोड्या फुटलेल्या असतात.

तारा एका रेषेत कापा, अर्ध्या इंचापेक्षा जास्त उघड्या ठेवू नका. कनेक्टरमध्ये सारताना समोरून बघा, आठही तांब्याचे ठिपके टोकाला टेकलेले दिसले पाहिजेत. बाहेरचं आवरणही कनेक्टरच्या आत गेलं पाहिजे, म्हणजे ओढ तारांवर येत नाही. मग पक्कड पूर्ण दाबा. दुसऱ्या टोकाला हाच क्रम.

भिंतीतून येणाऱ्या कायमच्या केबलला मात्र कनेक्टर न लावता आय-ओ बॉक्स लावा आणि पुढं पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली मऊ तयार केबल, जोडा. भिंतीतली केबल कडक तारेची असते, रोज हलवली तर तुटते.

राउटरचे पोर्ट संपले. स्विच घेतला तर वेग वाटला जाईल का?

इंटरनेटचा वेग तसाही सगळ्यांत वाटला जातो, स्विच असो वा नसो. स्विचवरचे दोन कॉम्प्युटर आपसांत मात्र पूर्ण गिगाबिटनं बोलतात. पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच घ्या. खोक्यावर ‘१०/१००/१०००’ लिहिलंय याची खात्री करा. ‘१०/१००’ लिहिलेले स्विच दुकानात अजून मिळतात आणि घरी येऊन ९४ चा प्रश्न पुन्हा सुरू होतो.

नवा राउटर घ्यायचाच आहे. वाय-फाय ६ की ७?

घरातल्या मोबाइल-लॅपटॉपमध्ये काय आहे त्यावर ठरवा. वाय-फाय ७ चा राउटर आणि वाय-फाय ५ चा मोबाइल असेल तर बोलणं ५ च्याच भाषेत होणार. मध्यम घराला, दहा-पंधरा उपकरणांना, वाय-फाय ६ चा दोन पट्ट्यांचा राउटर आज योग्य आहे. त्याचे लॅन (घरातल्या वायरींचे) आणि वॅन (कंपनीकडून येणाऱ्या वायरीचा) असे सगळे पोर्ट गिगाबिट हवेत. खोक्यावर १५०० किंवा ३००० असा जो मोठा आकडा असतो तो दोन्ही पट्ट्यांची कागदावरची बेरीज असते, कुठल्याच एका मोबाइलला तेवढा वेग मिळत नाही.

जुन्या लॅपटॉपमध्ये २.४ चंच वाय-फाय असेल, तर कितीही भारी राउटर आणा, २० मेगाहर्ट्झवर एका अँटेनाला लिंक ७२ ची मिळते आणि हातात त्याच्या निम्मी येते. त्याला यूएसबी ३ चा गिगाबिट लॅन ॲडॉप्टर बरा. यूएसबी २ चा घेऊ नका.

कंपनीच्या डब्यामागं माझा राउटर लावला. नेट चालतं, पण एका खोलीतला प्रिंटर दुसऱ्या खोलीतून दिसत नाही.

घरात दोन वेगळी नेटवर्क झाली आहेत. काही उपकरणं डब्याच्या वाय-फायवर, काही राउटरच्या. कंपनीला सांगून डबा ‘ब्रिज मोड’वर घ्या, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नेट नुसतं पुढं देईल. ते करत नसतील तर तुमचा राउटर ॲक्सेस पॉइंट करा. काहीही केलं तरी डब्याचं जुनं वाय-फाय बंद करा, मोबाइल सवयीनं त्यालाच चिकटतात.

लग्नाचे व्हिडिओ घरीच एडिट करतो. एका कॉम्प्युटरवरनं दुसऱ्यावर कॉपी करायला अख्खी दुपार जाते.

इथं इंटरनेटच्या प्लॅनचा काही संबंध नाही. १०० जीबीचं फुटेज १०० एमबीपीएसच्या लिंकवर सेकंदाला साधारण साडेअकरा एमबीनं जातं, म्हणजे जवळजवळ अडीच तास. तेच गिगाबिटवर ११० एमबीनं, पंधरा मिनिटांत. २.५ गिगाबिटवर सहा-सात मिनिटं. २.५ चं वैशिष्ट्य असं की ते चांगल्या कॅट-५ई केबलवरही चालतं, फक्त दोन्ही कॉम्प्युटरना तशी कार्डं आणि मध्ये तसा स्विच लागतो. पण फुटेज फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर असेल तर गिगाबिटपाशी थांबा. ती डिस्कच साधारण तेवढ्या वेगानं वाचते. आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, मग २.५.

कसबा बावड्यातल्या एका एडिटरकडं फक्त जुना स्विच बदलला. त्याची दुपार मोकळी झाली आणि रात्रीचं जागरणही वाचलं.

लाइट गेली की नेट जातं. इन्व्हर्टर आहे तरी.

इन्व्हर्टर बदलताना क्षणभर वीज तुटते, तेवढ्यात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. इन्व्हर्टरच्या मागं ‘यूपीएस’ असा खटका असेल तर तो लावून बघा. नाहीतर १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस घ्या. घेण्याआधी फायबरचा डबा आणि राउटर या दोन्हींच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जा. दोन्ही चालू राहिले पाहिजेत. नुसता राउटर जिवंत ठेवला तर वाय-फायची रेंज दिसते, नेट नसतं.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

पावसाळ्याच्या आधी वळवाची. माझ्याकडं जळालेले पोर्ट येतात ते बहुतेक एप्रिल-मेमध्ये. विजा कडाडायला लागल्या की राउटरचा प्लग काढतात, पण गच्चीवरच्या कॅमेऱ्याची तांब्याची केबल तशीच जोडलेली राहते, आणि झटका तिच्यातून येतो. तीही काढा. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, म्हणून शेजारच्या इमारतीत किंवा गोठ्याकडं नेटवर्क न्यायचं असेल तर तांब्याऐवजी फायबर टाका. उघड्यावरची केबल बाहेरच्या वापराची, काळ्या आवरणाची हवी. आतली केबल उन्हानं दोन वर्षांत तडकते आणि तिच्यात पाणी शिरतं. भिंतीतून आत येण्याआधी केबलला खाली झोळ द्या, पाणी तिथूनच टपकतं.

कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळीकडच्या लोकांना २०१९ आणि २०२१ चा पूर सांगायला नको. तळमजल्यावरचा डबा आणि स्विच पुराच्या खुणेच्या वर बसवून घ्या. केबल भिजली तर टोकं कापून पुन्हा बसवता येतात, डबा भिजला तर टाकूनच द्यावा लागतो.

डब्यावर लाल दिवा लागलाय.

‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल म्हणजे प्रकाश येत नाहीये. पातळ पिवळी किंवा पांढरी वायर कुठं कपाटामागं दुमडली आहे का बघा, ती मोकळी करा. हिरव्या टोकाची फायबर निळ्या जोडात बसवू नका. आणि टोक काढून डोळ्यासमोर कधीच धरू नका, आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो. बाकी कंपनीचं काम.

नवं घर बांधतोय, स्लॅब पडायचा आहे. आत्ताच काय करून ठेवू?

तुम्ही अगदी वेळेत विचारलंत. प्रत्येक खोलीत नेटवर्कचा वेगळा कन्सील पाइप टाकून घ्या, इंची. हॉलमध्ये टीव्हीमागं दोन केबल, अभ्यासाच्या टेबलापाशी दोन, प्रत्येक मजल्यावर छताला मधोमध एक ॲक्सेस पॉइंटसाठी, आणि कॅमेऱ्याच्या जागी एकेक. सगळ्या केबल एकाच ठिकाणी येऊ द्यात, जिन्याखाली किंवा माळ्याजवळ, आणि तिथं दोन-तीन सॉकेटचा बोर्ड. रस्त्याकडून त्या जागेपर्यंत फायबरसाठी आणखी एक रिकामा पाइप ठेवा, आत नायलॉनची दोरी सोडून. उद्या कंपनी बदलली तरी भिंत फोडायला लागणार नाही.

प्लास्टर व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढा, शेजारी टेप धरून. आणि केबल ओढून झाली की प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून खोलीचं नाव लिहा, मार्करनं, पेननं नको. पेनची शाई रंगकाम होईपर्यंत पुसली जाते.